फ्लेक्सच्या आड आलेलं झाड

आमच्या अंगणातलं व्हायबर्नमचं झाड कापलं गेलं तेव्हा मी वणीला होते. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तीन दिवसांसाठी गेले होते. परत आले, ऑटोतून उतरले आणि आधी वाटलं, ऑटोवाल्याने भलत्याच गल्लीत आणून सोडलं. कारण आमचं घर रस्त्यावरून एकदम दिसत नसे. आधी झाड दिसायचं, मग घर. त्या दिवशी घर सरळ समोर उभं होतं, पिवळ्या भिंतीसकट, आणि कंपाउंडच्या वर दोन बांबूंना ताणून बांधलेला एक मोठा फ्लेक्स होता. फ्लेक्सवर हात जोडलेले सहा चेहरे. त्यांच्या खाली हिरव्या अक्षरांत लिहिलेलं, ‘भव्य वृक्षारोपण सोहळा’.

या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली. लोक म्हणतात, सिस्टर, सोडा आता. मी तीस-बत्तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढली. दारू पिऊन आलेल्यांच्या शिव्या ऐकल्या, नातेवाइकांचे धक्के खाल्ले, आणि पाळी संपली की ते तिथंच सोडून घरी आले. हे मात्र माझ्याच्यानं सुटत नाही. सोडायचं तरी कशासाठी?

झाड कसं आलं ते आधी सांगते. नोकरीची शेवटची वर्षं मी राजूरला होते. कोळशाच्या खाणीचं गाव. सकाळी धुतलेली पांढरी साडी दुपारी करडी व्हायची. माझ्या क्वार्टरला लागून दुसऱ्या एका सिस्टरचं क्वार्टर होतं. ती पहाडातली, कुमाऊंकडची. नवरा खाणीत होता म्हणून इकडे आली आणि पंचवीस वर्षं राहिली. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, पाण्याच्या टाकीची सावली पडते तिथं, हे झाड होतं. माहेरी गेली की ती त्याचं रोप ओल्या पोत्यात गुंडाळून आगगाडीने आणायची. पहिली दोन मेली. तिसरं जगलं. तिच्या गावी त्याला काही वेगळंच नाव होतं, ते माझ्या जिभेला कधी वळलं नाही. व्हायबर्नम हे नाव तिच्या भावाने कुठल्या पुस्तकात पाहून तिला कळवलं होतं, तेच आम्ही धरलं.

दर रविवारी ती एक बादली आणि फडकं घेऊन त्या झाडाची पानं पुसायची. कोळशाची धूळ बसली की पान गुदमरतं म्हणायची. पेशंटला स्पंज करते तसं झाडाला करते, असं म्हणून तिला हसण्यात मीच पुढे असायची. मग एका फाल्गुनात, रात्रपाळी करून मी सकाळी घरी परतत होते, तर कुंपणापाशीच पाय थांबले. आंब्याच्या मोहोरासारखे घोस, पण पांढरेशुभ्र, झाडभर. वास गोड, पण जाईजुईसारखा अंगावर येणारा नाही. थोडं पुढे गेलं की हरवायचा, परत मागे आलं की सापडायचा. काळ्या धुळीच्या त्या वसाहतीत एवढं पांढरं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यानंतर मी हसले नाही. रविवारी एक फडकं घेऊन मीही तिच्याबरोबर बसायला लागले.

आम्ही दोघी एकाच वर्षी रिटायर झालो. ती पहाडात परत गेली, मी यवतमाळला आले. जाण्याच्या वर्षभर आधी तिने झाडाची एक खालची फांदी वाकवून मातीत दाबून ठेवली होती, वर वीट ठेवून. त्याला दाब कलम म्हणतात. फांदीला मुळं फुटली, तेव्हा तिने ती मूळ झाडापासून कापून तेलाच्या डब्यात लावली आणि डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, “पानी कम देना. यहाँ की मिट्टी पानी छोड़ती नहीं.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती बोलली एवढंच.

यवतमाळला लोहारा गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे आमचं लेआउट आहे, प्लॉट पाडून वसवलेली वस्ती. माझे मिस्टर एसटीत कंडक्टर होते. दोघांच्या नोकरीवर आम्ही तिथं घर बांधलं. माती काळी, पावसाळ्यात चिकट आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. मी अडीच फुटांचा खड्डा खणवला, त्यातली अर्धी काळी माती काढून टाकली, मुरूम आणि पालापाचोळ्याचं खत भरलं, आणि रोप सपाट न लावता थोड्या उंचवट्यावर लावलं, म्हणजे पावसाचं पाणी बुडाशी साचणार नाही. जागा पूर्वेची निवडली. दुपारनंतर घराची सावली पडावी म्हणून. एवढं करूनही पहिल्या मे महिन्यात त्याची पानं कडेने अशी करपली, जशी कोणी उदबत्ती फिरवली असावी.

तेव्हा कोपऱ्यावरचे मिस्त्री मदतीला आले. त्यांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि घर दुकानाच्याच मागे. मी त्यांच्या बायकोची शुगर तपासून द्यायची, तेव्हापासून घरोबा. त्यांनी जुन्या पाइपाचे तुकडे वेल्डिंग करून एक चौकट बनवून दिली, तिच्यावर हिरवी जाळी ताणली, आणि चौकटीला खाली कड्या लावल्या. उन्हाळ्यात उभी करायची, पावसाळ्यात काढून भिंतीला टेकवायची. मजुरी विचारली तर म्हणाले, “बाई, तुमी आमच्या घरी सुई टोचाले येता, थे काय मोजून येता का?”

आमच्याकडे नळ कधी येईल याचा नेम नाही. उन्हाळ्यात तर घरातली प्रत्येक बादली भरून ठेवावी लागते. मी तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत जमा करायची आणि दिवस मावळायच्या वेळी बुडाशी घालायची. बुंध्याभोवती सोयाबीनचं कुटार, मळणीनंतर उरतो तो भुसा, पसरायची, म्हणजे ओल टिकते. पानांच्या खाली पांढरे चिकट किडे धरले की कडुनिंबाचं तेल पाण्यात घालून फवारायची. सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे छाटणी. याची कळी मागच्या वर्षीच्या फांदीवर धरते. म्हणून फुलं गळून गेली की लगेच, चैत्रातच, काय छाटायचं ते छाटायचं. पावसाळा लागल्यावर कात्री लावली की पुढच्या फाल्गुनाची फुलं गेलीच समजा. हे मला पहाडातून फोनवर तीनदा बजावलं गेलं होतं.

चौथ्या वर्षी ते फुललं. सहाव्या वर्षी ते माझ्या डोक्याच्या वर गेलं आणि कंपाउंडच्या बाहेर हातभर झुकलं. फुलांनंतर तांबडी फळं धरायची, ती पिकून काळी व्हायची आणि बुलबुल ती खायला यायचे. लेआउटमधल्या बायका विचारायच्या, हे देवाला चालते का? मी म्हणायची, चालत असेल, देवाने मला काही सांगितलं नाही. गजरा होते का? नाही. फळ खाता येते का? नाही. औषधी आहे का? नाही. “मंग कायच्या कामाचं हाय जी?” हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला की पुढे पुढे मी उत्तरच द्यायची नाही. कोणी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवून असं विचारतं का?

आता त्या आषाढातलं.

आमच्या लेआउटची एक समिती आहे. तिचे अध्यक्ष आमच्याच ओळीत राहतात. गावाकडे पंधरा एकर शेती, कापूस आणि तूर. मुलगा शेती पाहतो आणि हे इथं राहून समिती पाहतात. माणूस वाईट नाही. कोणाच्या घरी मयत झाली तर सगळ्यांत आधी पोचतो. पण त्यांना कार्यक्रमाची हौस फार. त्या वर्षी त्यांनी समोरच्या मोकळ्या जागेवर झाडं लावायचा कार्यक्रम ठरवला. पाहुणे बोलावले, मांडव घातला, आणि फ्लेक्स छापला. फ्लेक्स मोठ्या रस्त्यावरून दिसला पाहिजे, म्हणून तो आमच्या कंपाउंडवर लावायचं ठरलं. लावला, तर माझं झाड त्याच्या आड येत होतं. सहातले चार चेहरे पानांत झाकले जात होते.

मी ऑटोतून उतरले तेव्हा बुडापासून कमरेएवढं झाड शिल्लक होतं. वरचं सगळं गेलेलं. कापलं नव्हतं, तोडलं होतं. कोयत्याचा घाव अर्ध्यावर बसला आणि मग फांदी ओढून काढली, असं. दोन ठिकाणी साल बोटभर रुंद, वीतभर खाली सोलत आली होती आणि आतलं ओलं लाकूड उघडं पडलं होतं. फांद्या नालीत टाकल्या होत्या. त्यांच्यावर अजून फळं होती, काही तांबडी, काही काळी.

मी पिशवी खाली ठेवली आणि घरात गेले. हे खुर्चीवर पेपर घेऊन बसले होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “आलीस? डोळा कसा आहे तिचा?”

मी म्हटलं, झाड कोणी कापलं?

हे म्हणाले, कार्यक्रम आहे उद्या. समितीचे लोक आले होते.

तुम्ही कुठे होता?

यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, “त्यांनी दोन फांद्या म्हटलं होतं.”

मला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. यांना विचारलं होतं. यांनी हो म्हटलं होतं. इतक्या वर्षांत मी पाणी घालताना, पानं पुसताना, कुटार पसरताना हे पाहत होते. चैत्राशिवाय कात्री लावायची नाही हे मी यांना एकदा नाही, दहादा सांगितलं होतं. मी विचारलं, दोन फांद्यांनंतर तुम्ही थांबवलं का नाही? तर म्हणाले, चार माणसं दारात उभी होती, त्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं. झाडच आहे ना, येईल परत.

बोलायला लागले असते तर जे बोलायचं नाही तेही बोलले असते. मी बाहेर गेले आणि नालीतून फांद्या एकेक काढून अंगणात आणून ठेवल्या. कशासाठी, ते मलाही ठाऊक नव्हतं. त्या तिथं पडलेल्या मला पाहवत नव्हत्या, एवढंच.

मिस्त्री दुकानातून पाहत होते. हात पुसत आले आणि फांद्या काढायला लागले. मी काही न विचारता त्यांनीच सांगितलं. “मी म्हणलं त्यायले, बाईले फोन तं लावा. थे म्हणे, घरच्या मालकानं हो म्हणलं, आता कायले फोन. मंग तुमच्या साहेबांनीच त्यायच्यासाठी चहा आनला. चहा आनल्यावर मी काय बोलू?”

म्हणजे चहासुद्धा पाजला होता. कोयता चालू असताना.

त्या संध्याकाळी मी पहाडात फोन लावला. तिला सगळं सांगितलं. मग नर्स नर्सला विचारते तसं तिने विचारलं, जखम किती मोठी आहे, साल किती सोलली आहे, बुंधा हलतो का. मी पाहून सांगितलं. ती म्हणाली, उद्या सकाळी फाटलेले भाग धारदार आरीने तिरपे कापून साफ कर. फाटकी जखम तशीच राहिली तर पावसात सडेल. ती रडली नाही, म्हणून मीही रडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरी घेऊन बसले. समोरच्या जागेवर लाउडस्पीकर लागला होता. माणूस हा धरतीचं लेकरू आहे, झाडं आपले सोयरे आहेत, असं कोणीतरी बोलत होतं. मी फाटलेली साल जिथवर निघाली होती तिथवर फांदी कापत खाली आले. जेवढं त्यांनी ठेवलं होतं त्यातलंही अजून मला कापावं लागलं. तो राग मला सगळ्यात जास्त आला. त्यांचं घाणेरडं काम मी नीट करून देत होते. नोकरीत कितीदा केलं होतं हे. कोणीतरी घरीच उलटंसुलटं काहीतरी करून आणायचं आणि आम्ही ते उसवून पुन्हा शिवायचं.

आरी ठेवली आणि तशीच, मातीच्या हाताने, मी त्या मांडवात गेले.

मला तिथं बोलायचं होतं. वाक्य तयार होतं. मी म्हणणार होते की एक झाड तोडून तुम्ही पंचवीस झाडं लावत आहात, तर त्या एका झाडाचं नाव तरी घ्या. मांडवात बायकांची ओळ लागली होती. प्रत्येकीच्या हाती पाहुणे एक रोप देत होते आणि फोटो काढला जात होता. मी ओळीत उभी राहिले, कारण पाहुण्यांपर्यंत पोचायचा तोच एक रस्ता होता. माझी पाळी आली. पाहुण्यांनी हसून रोप पुढे केलं, करंजीचं होतं. मी म्हटलं, “मला बोलायचं आहे.”

पाहुण्यांनी मान हलवली. त्यांना ऐकू गेलं नसावं. लाउडस्पीकर माझ्या कानाशी होता. फोटोवाला म्हणाला, “बाई, हात लावा फक्त रोपाले. इकडे पाहा.”

आणि मी हात लावला.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, इथंच पहिल्यांदा सांगते आहे. मी हात लावला, त्याच्याकडे पाहिलं, आणि मागच्या बाईने हलकेच पुढे सरकवलं तशी सरकले. संध्याकाळी तो फोटो लेआउटच्या ग्रुपवर आला. त्यात मी थोडी हसतेही आहे. यांना तोंडावर नाही म्हणता आलं नव्हतं. मलाही आलं नाही. पण ते कळल्याने माझा राग कमी झाला नाही. उलट आता तो ठेवायला दोन जागा झाल्या.

चार दिवसांनी अध्यक्ष घरी आले. मी अबोला धरल्याची बातमी त्यांच्यापर्यंत गेली असावी. बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले की नर्सरीत माणूस पाठवतो, तसंच दुसरं झाड आणून देतो, फक्त नाव लिहून द्या. मी म्हटलं, ते कोणत्या नर्सरीत मिळत नाही. ते म्हणाले, मंग त्याच्यापेक्षा मोठं देतो, मोगरा घ्या, नाहीतर जास्वंद, फुलं तरी कामी येतात.

मी त्यांना विचारलं, “भाऊ, तुमच्या शेतात पऱ्हाटीले बोंडं धरली असताना कोणी येऊन अर्धी पऱ्हाटी कापून नेली, आन म्हणलं की त्याच्यापेक्षा मोठं काही आनून देतो, तं तुमी काय म्हणसान?”

ते हसले. “पऱ्हाटी अन् हे सारखं हाय का, सिस्टर? पऱ्हाटीनं पोट भरते.”

“माझं पोट पेन्शननं भरते. हे पोटासाठी लावलं नव्हतं.”

“मंग कायसाठी लावलं होतं?”

खरं सांगते, त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरोखर कळत नव्हतं. राजूरच्या त्या सकाळचं मी त्यांना काय सांगणार होते? मी म्हटलं, मला फुललेलं पाहायचं होतं म्हणून. ते यांच्याकडे वळून पावसाचं बोलायला लागले. आणि हे बोलले त्यांच्याशी. सोयाबीन यंदा कसं आहे, वगैरे.

पावसाळाभर मी त्या खोडाची सेवा केली. मिस्त्रींनी पुढच्या उन्हाळ्यासाठी जाळीची चौकट कापून बुटकी करून दिली. श्रावणात घावांच्या खालून कोंब फुटले, इतके की त्यांतले अर्धे खुडून टाकावे लागले, नाहीतर सगळे बारीक राहिले असते. हे तेव्हा झाडाकडे लक्ष द्यायला लागले होते. मी आंघोळीला गेले की गुपचूप एक बादली पाणी नेऊन बुडाशी ओतायचे. मला हे दसऱ्यानंतर कळलं, जेव्हा खालची पानं पिवळी पडायला लागली. मी बोटाने माती उकरून पाहिली तर चिखल. मी यांना अंगणात बोलावून म्हटलं, पाणी कोण घालतं? हे म्हणाले, मीच, तुला बरं वाटेल म्हणून. मी म्हटलं, मला बरं वाटावं म्हणून झाडाला पाणी घालत जाऊ नका. झाडाला तहान लागली तर घाला. हे रागावले नाहीत. कशी ओळखायची तहान, असं विचारलं. मी त्यांचा हात धरून बोट मातीत घालायला लावलं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच, असं सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं.

फाल्गुन आला. झाड हिरवंगार होतं, छातीएवढं झालं होतं. फूल एक आलं नाही. मी रोज सकाळी टोकं पाहायची. नुसती पानं. येणार नाही हे मला माहीत होतंच, तरी पाहायची. समोरच्या मोकळ्या जागेवर लावलेल्या पंचवीस रोपांपैकी तोवर तीन उरली होती. त्यातलं एक मिस्त्रींच्या दुकानासमोरचं होतं, त्याला त्यांची बायको पाणी घालायची. बाकीची कोणाची जबाबदारी आहे हे ठरलंच नव्हतं. फोटोवाल्याचं काम त्या दिवशीच संपलं होतं.

पुढच्या आषाढात अध्यक्ष पुन्हा दारात. त्याच जागेवर, त्याच खड्ड्यांत, पुन्हा वृक्षारोपण. फ्लेक्स लावायला कंपाउंड पाहिजे होतं. या वेळी आम्ही दोघं अंगणात होतो. मी फाटक न उघडता म्हटलं, “नाही लावू देणार.”

ते म्हणाले, “अजून तुमचा राग गेला नाही का सिस्टर? झाड तं आलंच की परत. पाहा बरं, पहिलेपेक्षा हिरवं झालं.”

या वाक्याने माझं डोकं जेवढं फिरलं तेवढं झाड कापल्याच्या दिवशीही फिरलं नव्हतं. आलंच की परत. ते जगलं ते त्याच्या बळावर आणि माझ्या हाताने, आणि त्याचा उपयोग अध्यक्षांना काय, तर आपण काही केलंच नव्हतं म्हणायला. मी त्यांना विचारलं, फूल पाहिलं का यंदा? ते म्हणाले, लक्ष नाही राह्यलं. मी म्हटलं, लक्ष असतं तर दिसलं असतं की फूल आलंच नाही. एक वर्षाची फुलं तुम्ही नेली. ती परत नाही आली, ती येत नसतात.

ते यांच्याकडे पाहायला लागले. हे खाली पाहत होते. शेवटी अध्यक्ष निघून गेले. फ्लेक्स विजेच्या खांबाला लागला.

दिवाळीनंतर लेआउटची वार्षिक सभा झाली. मी कधी जात नाही, त्या वेळी गेले. रस्ता, नाली, दिवे हे सगळं झाल्यावर विचारलं गेलं, आणखी कोणाला काही बोलायचं आहे का. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. लाउडस्पीकर नव्हता, त्यामुळे ऐकू गेलं. मागे दोघेतिघे हसले. कोणीतरी म्हणालं, झाडाचं काय घेऊन बसल्या, नालीचं पाहा. तेव्हा हे उठले. सभेत हे कधी बोलत नाहीत. म्हणाले, “मला विचारलं होतं. दोन फांद्या म्हटलं म्हणून मी हो म्हटलं. जास्त कापायला लागले तेव्हा मी थांबवायला पाहिजे होतं. थांबवलं नाही. चूक माझीही आहे.” आणि बसले. कान लाल झाले होते.

पंधरा दिवसांनी सभेची वही सह्यांसाठी घरोघर फिरली. आमच्याकडे आली तेव्हा मी चष्मा लावून वाचलं. नालीवर अर्धं पान होतं. दिव्यांवर सहा ओळी. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, ‘सिस्टरबाईंच्या झाडाविषयी चर्चा झाली.’

मी यांना पेन मागितलं. त्या ओळीच्या खाली, समासापर्यंत जेवढी जागा होती तेवढ्यात लिहिलं, ‘दोन फांद्या सांगून अर्धं झाड तोडलं. पुढच्या वर्षी फूल आलं नाही.’ खाली सही केली. वही आणणारे गृहस्थ म्हणाले, असं मध्येच लिहिता येत नाही, वही खराब होते. मी म्हटलं, सभेला तुम्हीही होता, यात खोटं काय आहे ते सांगा, मी खोडते. त्यांनी पुन्हा वाचलं. खोटं काही नव्हतं.

यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, माझ्या सहीखाली आपली सही केली, आणि वही त्या गृहस्थांना परत दिली.